नवशिक्या चालकासाठी जुनी गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, पक्कं लायसन्स हातात आलं, की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "आधी जुनी घेऊ, हात बसला की मग नवी." त्यामागचा पैशांचा हिशेब चुकीचा नाही. नवशिक्याच्या हातून गाडी घासणार, बंपर फुटणार, तेव्हा महागड्या गाडीवर हे प्रयोग कशाला? पण याच हिशेबातून एक विचित्र वाटणी होते. वीस वर्षं गाडी चालवलेले आई-वडील सहा एअरबॅगांच्या नव्या गाडीतून फिरतात आणि घरातला सर्वांत अननुभवी चालक ना एबीएस, ना एअरबॅग अशी 2010 ची गाडी घेऊन महामार्गावर जातो. अमेरिकेतल्या 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेच्या आकडेवारीनुसार, तेवढंच अंतर कापताना प्राणघातक अपघातात सापडण्याचं प्रमाण 20 वर्षांवरील चालकांच्या तुलनेत 16 ते 19 वयोगटात जवळजवळ तिप्पट असतं. म्हणजे ज्याला संरक्षणाची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला ते कमी येतं. जुनी गाडी घ्यायला हरकत नाही. पण कोणती घ्यायची हे ठरवताना बाजारात ऐकू येणारे काही समज तपासून घ्यायला हवेत.

पहिला समज पत्र्याचा. "जुन्या गाड्यांचा पत्रा बघा, आताच्या म्हणजे नुसते डबे!" गॅरेजच्या बाकड्यावर हे हमखास ऐकायला मिळतं. याच अमेरिकी संस्थेने 2009 मध्ये त्याचा निकाल सर्वांसमोर लावला. 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळवल्या. जाड पत्र्याच्या, लांबलचक बेल एअरचं केबिन चालकाच्या अंगावर कोसळलं. त्या जागी माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचं नाक चेंगरलं, पण आतली जागा शाबूत राहिली आणि चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावलं असतं, असं दिसलं. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळावा असाच घडवलेला असतो. धडकेची ताकद तिथे जिरते आणि माणसं बसतात तो सांगाडा टिकतो. बॉनेट सहज चेपलं म्हणून गाडी कच्ची ठरत नाही.

दुसरा समज आकाराचा. गाडी उंच आणि धिप्पाड असली की घरच्यांना धीर येतो. यात अर्धं सत्य आहे: दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या तर जड गाडीतल्या माणसांना झटका कमी बसतो. पण नुसत्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने मे 2016 मध्ये भारतीय बाजारातल्या गाड्यांची धडक चाचणी घेतली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या महिंद्रा स्कॉर्पिओला शून्य तारे मिळाले. छोट्या सेलेरिओ आणि इऑनलाही शून्यच. पुढे डिसेंबर 2018 मध्ये पूर्ण पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटा नेक्सॉन, आकाराने मध्यम आणि पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारी. शिवाय उंच गाडी वळणावर एकदम हिसका दिला तर लवकर कलंडते, आणि घाबरून स्टिअरिंग झटकन फिरवणं ही तर नवशिक्याची नेहमीची चूक.

मग तारे पाहून गाडी घ्यावी का? घ्यावी, पण चाचणी कोणत्या मॉडेलची आणि कधी झाली हे पाहून. चाकणच्या फोक्सवॅगन पोलोचं उदाहरण बोलकं आहे. 2014 मध्ये तिच्या एअरबॅग नसलेल्या प्रकाराला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगांच्या प्रकाराला चार. नाव तेच, बाहेरून दिसायलाही सारखीच. कंपनीने नंतर एअरबॅग नसलेला प्रकार बंद केला, पण आधी विकलेल्या गाड्या बाजारात फिरत राहिल्याच. उलटंही घडतं. रेनो क्विडचे तीन प्रकार 2016 मध्ये तपासले, त्यांतल्या एकात एअरबॅग होती. तरीही तिन्हींना शून्य, कारण सांगाडाच टिकत नव्हता. मारुती स्विफ्टला 2018 मध्ये दोन एअरबॅगा असूनही दोनच तारे मिळाले. म्हणजे एअरबॅग हवी, आणि तिच्यामागे भक्कम सांगाडाही हवा. 2022 च्या मध्यापासून ग्लोबल एनकॅपचे निकष कडक झाले, त्यामुळे त्याआधीचे पाच तारे आणि नंतरचे पाच तारे एका मापाने मोजता येत नाहीत. भारताची स्वतःची 'भारत एनकॅप' ही व्यवस्था तर ऑक्टोबर 2023 पासूनची आहे. जुन्या बाजारात तिचे तारे मिरवणाऱ्या गाड्या अजून थोड्या.

सामान्य ग्राहकाला याहून सोपी एक कसोटी आहे: गाडी बनल्याची तारीख. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. एप्रिल 2019 पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, 1 जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग आणि 1 जानेवारी 2022 पासून शेजारच्या सीटचीही. ऑक्टोबर 2019 पासून समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या सरकारी चाचणीत उतरणंही प्रत्येक गाडीला बंधनकारक झालं. त्यामुळे 2013 च्या ऐटदार सेडानपेक्षा 2020 ची साधी हॅचबॅक पहिली गाडी म्हणून बहुतेक वेळा उजवी ठरते. त्याआधीची गाडी घ्यायचीच असेल तर एअरबॅग आणि एबीएस असलेलं वरचं मॉडेल शोधावं. अलॉय व्हील, मोठा स्क्रीन, सनरूफ यांवरचे पैसे वाचवले तर ते जमतं.

एबीएसचा आग्रह का, हे पावसाळ्यात कळतं. ओल्या उतारावर समोर अचानक काही आलं की नवशिका ब्रेकवर उभाच राहतो. एबीएस नसेल तर चाकं जाम होतात, गाडी घसरत सुटते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएस असेल तर चाकं फिरती राहतात आणि गाडी वळवता येते. मात्र ते सुरू झालं की पायाखालचं पेडल थडथडतं, करकर आवाज येतो, आणि काहीतरी मोडलं असं वाटून मुलं पाय काढून घेतात. रिकाम्या मैदानात एकदा मुद्दाम जोरात ब्रेक मारायला लावून ती थडथड त्यांच्या पायाच्या ओळखीची करून द्यावी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे फारसं कोणी शिकवत नाही.

एअरबॅग आहे असं सांगितलं तरी ती जिवंत आहे का, हे पाहावं लागतं. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर यंत्रणेत बिघाड. मुळात लागलाच नाही तर आणखी वाईट: अपघातात उघडलेली एअरबॅग न बदलता दिव्याचाच बंदोबस्त केलेला असू शकतो. जपानच्या ताकाता कंपनीने बनवलेल्या एअरबॅगांचा प्रश्नही जुन्या गाड्यांत अजून संपलेला नाही. त्यांतलं स्फोटक रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडून माणसं दगावली आहेत. भारतात होंडाने सिटी, जॅझसारख्या जुन्या गाड्या त्यासाठी परत बोलावल्या होत्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की त्या गाडीचं काम झालंय की नाही ते कळतं, बदलून मिळतं तेही फुकट. कोकणातून आलेली जुनी गाडी घेताना तरी हे टाळू नये.

आता भरवशाबद्दल. "फक्त 40 हजार रनिंग" या चार शब्दांवर सौदे होतात. मीटर मागे फिरवता येतं, डिजिटलही. गाडीच्या अंगावरच्या खुणा लपवणं मात्र अवघड: क्लच पेडलचं गुळगुळीत झालेलं रबर, स्टिअरिंगची घासून चकाकणारी कड, चालकाच्या सीटची बसलेली बाजू. सर्वांत खात्रीचा पुरावा म्हणजे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद. तिथे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचं रनिंग लिहिलेलं असतं. आणि कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी हेही नेहमी खरं नसतं. वर्षानुवर्षं सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीचे टायर आणि रबरी पाइप कडक होतात, बॅटरी जाते. टायरच्या कडेला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी टायर खूप जुना असेल तर तो बदलण्याचा खर्च आधीच धरावा. नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्या हा महाराष्ट्राचा स्वतंत्र विषय आहे. 26 जुलै 2005 ची मुंबई, ऑगस्ट 2019 मधले सांगली-कोल्हापूर, जुलै 2021 मधले चिपळूण-महाड. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात, त्यांतल्या काही धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात विक्रीला येतात. आत अत्तराचा घमघमाट असेल तर आधी संशय घ्यावा. सीटचा पट्टा हळूहळू शेवटपर्यंत ओढून काढावा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या त्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहून गेलेली असते. सीटखालच्या पट्ट्यांचे स्क्रू गंजलेले आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, हेही पाहावं. अशा गाडीचं इंजिन दुरुस्त होतं, पण वायरिंगचे सांधे आतून सडत जातात आणि एअरबॅग किंवा एबीएस नेमक्या वेळी दगा देऊ शकतात. विकणाऱ्याच्या नव्हे, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यावी.

कागदपत्रांत दोन गैरसमज महाग पडतात. पहिला, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की गाडी आपली झाली. नोंदणी बदलेपर्यंत ती कायद्याने जुन्या मालकाचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, गाडी विकून झाली असली तरी नोंदीत ज्याचं नाव आहे त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईची जबाबदारी टाकली. त्यामुळे बँकेचा बोजा उतरलाय का, ई-चलान थकलीत का, हे पाहूनच उरलेली रक्कम द्यावी. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी मोहात पाडते. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या बाहेर विकल्या गेल्या, पण इथे एमएच पासिंग करताना ना-हरकत दाखला आणि रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच आटते.

दुसरा गैरसमज विम्याचा. गाडी नावावर होताना थर्ड पार्टी विमा आपोआप मागे येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र चौदा दिवसांच्या आत अर्ज करून बदलून घ्यावा लागतो, नाहीतर दावा अडतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही त्याच्याचकडे राहतो. घरच्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच: सक्तीचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीच्या मालकापुरता असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारी मुलगी, तर तिला त्याचं कवच नाही. तिच्यासाठी वेगळा अपघात विमा काढावा लागतो.

पट्टा फक्त पुढच्यांनी लावायचा, हा समज तर जीवघेणा आहे. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार 2022 मध्ये सीटबेल्ट न लावल्यामुळे 16,715 माणसं मेली. त्यांत 8,384 चालक होते आणि 8,331 प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती; ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मित्रांनी भरलेल्या गाडीत पट्ट्याचा आग्रह धरणं मुलांना अवघड जातं, म्हणून तो नियम घरातूनच घालून द्यावा. जुन्या गाडीत पट्ट्याचा गजर गप्प करणारी क्लिप खोचलेली सापडली तर ती काढून फेकावी. पुढचा लोखंडी गार्डही उतरवावा, त्याच्यामुळे गाडी ठरल्याप्रमाणे चुरगळत नाही.

राहिला वयाचा प्रश्न. "सतराव्या वर्षी सोसायटीतल्या सोसायटीत चालवली तर काय होतं?" गिअरची गाडी अठराच्या आत चालवणं गुन्हा आहे आणि मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची जबाबदारी पालकांवर येते: तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्शे दिली गेली आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते प्राणाला मुकले. ते कोणाचीतरी मुलंच होती.

पालकांना एवढीच विनंती: गाडी घेण्यासाठी जेवढे दिवस घालवाल, तेवढेच ती आल्यावर शेजारच्या सीटवर बसून घालवा. रात्र, पाऊस, घाट आणि द्रुतगती मार्ग, यांतलं प्रत्येक पहिल्यांदा तुमच्या सोबतीने होऊ द्या. मित्रांना घेऊन लांबच्या सहलीची परवानगी त्यानंतर द्या.