घरभर आवाज : आधी गणित, मग खरेदी

दूरदर्शन संचावर नाटक लागले की पुष्कळ घरांतून वडीलधाऱ्यांची तक्रार ऐकू येते, "आवाज मोठा करा, शब्द कळत नाहीत." आवाज मोठा होतो, पण शब्द काही स्पष्ट होत नाहीत. मग जास्त वॅटचा नवा संच घेण्याचा बेत ठरतो. ज्यांना नीट ऐकू येत नसेल, त्यांचे कान तपासून घ्यावेत हे खरेच. परंतु हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी वही-पेन्सिल घेऊन थोडे गणितही करावे.

प्रथम वॅटचे कोडे सोडवू. ५० वॅटच्या ॲम्प्लिफायरऐवजी १०० वॅटचा आणला, तर आवाज दुप्पट होईल काय? नाही. शक्ती दुप्पट झाली की ध्वनिपातळी फक्त ३ डेसिबेलने वाढते. हा फरक ध्यानात येतो, इतकेच. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबेलची वाढ हवी, म्हणजे शक्ती दहापट हवी! ५० च्या जागी ५०० वॅट. लहान खोलीत साध्या ऐकण्याला तर एक-दोन वॅटही पुरतात. तेव्हा नुसत्या वॅटपायी पैसे घालवू नयेत.

मग शब्द अस्पष्ट का होतात? दोष पुष्कळदा खोलीचा असतो. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात असेच झाले. बोललेला शब्द तेथे सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या आणि दर वेळी निनाद किती कमी झाला ते मोजले. त्यातून एक सोपे सूत्र मिळाले. खोलीचे घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे निनादाचे सेकंद. शोषण मोजायचे ते उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमध्ये. कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

समजा, खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. घनफळ ३६ घनमीटर. ३६ × ०.१६१ = ५.८. भिंती आणि फरशी उघड्या असून एकूण शोषण ३.३ असेल, तर निनाद पावणेदोन सेकंदांचा. जाड पडदे, गादी, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले उघडे फडताळ यांनी शोषणात ८ ची भर पडली, तर निनाद अर्ध्या सेकंदावर येतो. एक शब्द विरण्यापूर्वी दुसरा त्यावर आदळत नाही. खर्च मात्र जवळजवळ शून्य!

आता जागा. स्पीकर कोपऱ्यात ठेवला, की भिंतींमुळे खर्जाचे स्वर फुगतात आणि शब्द दबतात. तो कोपऱ्यातून अर्धा मीटर पुढे आणा. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. अनेक स्पीकरांच्या संचात संवाद मुख्यतः समोरच्या मधल्या स्पीकरमधून येतात. एकच चांगला स्पीकर घेणे शक्य असेल, तर तो मधला घ्या, मागचे नंतर.

दुसऱ्या खोल्यांत आवाज न्यायचा असेल, तर तारेकडे लक्ष द्या. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. स्पीकर १५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन तार ३० मीटर. रोध सुमारे अर्धा ओहम. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर ६ टक्के शक्ती तारेत जाईल. पण ०.२ चौरस मिलिमीटरची स्वस्त तार घेतली, तर रोध अडीच ओहम आणि जवळजवळ पाव शक्ती तारेतच वाया!

जोडणीत तर खरा धोका आहे. ८ ओहमचे चार स्पीकर एका ॲम्प्लिफायरला समांतर जोडले, तर एकूण रोध २ ओहम होतो. प्रवाह फार वाढतो आणि ॲम्प्लिफायर तापून जळू शकतो. त्याऐवजी दोन-दोन स्पीकर एकसर जोडून त्या दोन जोड्या समांतर जोडा. एकूण रोध पुन्हा ८ ओहम! ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किती ओहम चालतील ते छापलेले असते. त्याखाली जाऊ नये. जोडणी करताना विजेचा प्लग काढून ठेवावा आणि मोठे माणूस जवळ असावे.

शाळेत दहा-वीस वर्गांत सूचना पोचवायच्या असतात. तेथे पुष्कळदा १०० व्होल्टची ध्वनिवाहिनी वापरतात. ८ ओहमवर १०० वॅट द्यायला साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो; १०० व्होल्टवर फक्त १ अँपिअर. तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते साडेबारा पटींनी घटते. प्रत्येक स्पीकरजवळचे लहानसे रोहित्र व्होल्टता पुन्हा उतरवते. दूरवर वीज उच्च दाबाने नेतात, त्याचेच हे धाकटे भावंड.

करून पाहा : आपल्या वर्गाचे घनफळ काढा. वर्ग रिकामा असताना एकदा टाळी वाजवा, मुले बसल्यावर पुन्हा वाजवा. फरक का पडला, ते सॅबाइनच्या सूत्राने आपल्या शिक्षकांना समजावून सांगा.