काट्यावरचं वजन संगणकात कुठे राहतं?

बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की आसपासच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. गाडी भरलेली असताना काट्यावर चढते, गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी परत चढते. या दोन वजनांतल्या फरकावर शेतकऱ्याचं बिल ठरतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ते १४ दिवसांत द्यावं लागतं, उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याजासह. इतकं मोल असलेली नोंद संगणकात कशी जपली जाते, हे जाणकारांपुरतं राहू नये.

अशा हिशेबांचे प्रोग्राम आता अनेक ठिकाणी कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या स्वतंत्र कप्प्यात चालवतात. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या साधनामुळे ही पद्धत सर्वदूर पोचली. कंटेनर तयार होतो तो इमेजवरून. इमेजमध्ये प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं असतं, पण तिच्यात बदल करता येत नाही. म्हणून कंटेनर सुरू होताना तिच्यावर लिहिण्याजोगा एक थर चढतो. वजनं या थरात लिहिली, तर कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला तरी ती दिसतात, आणि इथेच माणूस निर्धास्त होतो. मग नवी आवृत्ती बसवायला जुना कंटेनर काढून टाकला जातो. त्याच्यासोबत तो थर जातो, वजनंही जातात.

यावरचा उपाय म्हणजे व्हॉल्यूम. डॉकर मूळ संगणकाच्या डिस्कवर वेगळी जागा राखतं आणि ती कंटेनरमधल्या ठरावीक फोल्डरला जोडतं. डेटाबेस नेहमीसारखा लिहीत राहतो. कंटेनर बदलला तरी नव्याला तीच जागा जोडता येते. व्हॉल्यूमला नाव मात्र द्यावंच. निनावी व्हॉल्यूमची ओळख म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. साफसफाईत तो सहज उडतो. नाव दिलेलाही अभेद्य नाही. कंटेनरांची मांडणी फाइलमध्ये लिहून चालवणाऱ्या डॉकर कंपोजच्या ‘डाउन’ या आज्ञेला ‘व्ही’चा पर्याय जोडला, की त्या फाइलमध्ये जाहीर केलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. ‘एक्स्टर्नल’ म्हणून नोंदवलेला व्हॉल्यूम तेवढा वाचतो, म्हणून पैशाच्या हिशेबासाठी मी तोच मार्ग सुचवेन.

आणि व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क बिघडली तर कंटेनर आणि व्हॉल्यूम दोन्ही एकत्र जातात. चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं कॉपी केलं, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदी हाती येऊ शकतात. डेटाबेसच्याच साधनाने रोज प्रत काढावी, ती दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रावर ठेवावी आणि बॉयलर पेटण्याआधी कोऱ्या यंत्रावर ती उघडून बेरजा जुळतात का ते पाहावं.