कोर्लईची ‘आमची भाषा’

लासलगावच्या बाजार समितीत रोज कांद्याचा लिलाव होतो. नाशिकमध्ये नव्या इमारतीवर मेस्त्री हाताखालच्या माणसाला घमेले भरायला सांगतो. लिलाव, मेस्त्री, घमेले हे तिन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. बटाटा, पगार, चावी आणि बादलीही त्यांच्याच सोबतची. आपण मूठभर शब्द घेतले. रायगड जिल्ह्यातील एका गावात मात्र या देवघेवीतून एक संपूर्ण भाषाच जन्माला आली.

ते गाव म्हणजे कोर्लई. अलिबाग-मुरुड मार्गावर, कुंडलिका नदीच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर ते वसले आहे. पोर्तुगीजांनी १५२१ च्या सुमारास चौल येथे पाय रोवले आणि १५९४ मध्ये निजामशाहीकडून कोर्लईची टेकडी जिंकली. गोरे शिपाई आणि धर्मांतरित स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून, तसेच चाकरीला असलेल्या माणसांच्या व्यवहारातून एक मिश्र बोली घडली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी तहान्वये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. सत्ताधारी व सधन ख्रिस्ती निघून गेले. गरीब ख्रिस्ती कुटुंबे तेथेच राहिली.

राज्य गेले, मग भाषा का टिकली? याचे उत्तर अभिमानापेक्षा एकटेपणात अधिक सापडते. धर्माने ही माणसे भोवतालच्या हिंदू-मुसलमानांपासून वेगळी होती आणि जातीच्या उतरंडीतही खालच्या पायरीवर होती. विवाहसंबंध बहुधा गावातच होत. त्यामुळे अडीचशेहून अधिक वर्षे ही बोली घराघरांत जिवंत राहिली. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. त्यातील ‘लिंग’ हे पोर्तुगीज ‘लिंग्वा’चे, म्हणजे भाषा या अर्थाच्या शब्दाचे रूप होय.

या भाषेतील बहुतेक शब्द पोर्तुगीज आहेत. वाक्याची ठेवण मात्र मराठी. पोर्तुगीजमध्ये क्रियापद साधारणतः कर्माच्या आधी येते. कोर्लईत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. मराठी क्रियापदे सामावून घेण्यासाठी तर तिने त्यांचा एक स्वतंत्र वर्गच निर्माण केला. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये या भाषेच्या जडणघडणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणूनच तिला ‘परक्यांची भाषा’ म्हणणे अपुरे ठरते. ती मराठीचीही लेक आहे.

आज ती बोलणारे हजाराहूनही कमी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासना लोकभाषेत होऊ लागली आणि कोर्लईच्या चर्चमध्ये मराठी आली. शाळाही मराठी. खाडीवर पूल झाला, तरुण नोकरीसाठी बाहेर पडले. एकटेपण सरले, हे निश्चितच चांगले झाले. परंतु ज्या कुंपणाने या माणसांना दूर ठेवले, त्याच कुंपणाने त्यांची भाषाही राखली होती. आता ती राखायची तर स्वेच्छेनेच राखावी लागेल.

तिला स्वतःची लिपी नाही आणि लिखित साहित्याची परंपराही नाही. आजीने नातवाशी ती बोलली, तरच ती पुढे जाईल. तिची गाणी, म्हणी आणि शब्द देवनागरीत नोंदवून ठेवणे मराठी माणसाला सहज शक्य आहे. मराठीच्या बोलींचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी कोर्लईचीही वाट धरावी. ‘आमची भाषा’ या दोन शब्दांतील ‘आमची’मध्ये आपणही थोडेसे आहोतच.