स्नायू सैल, पण खिशावर ताण!

महिनाअखेर जवळ आली की औषधाच्या पट्टीत उरलेल्या गोळ्या मोजण्याची वेळ अनेक घरांवर येते. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले वडील, अपघातात मणक्याला इजा झालेला तरुण, सेरेब्रल पाल्सी असलेले मूल अशा रुग्णांचे हातपाय आखडतात, रात्री पेटके येऊन झोप उडते. हा ताठरपणा कमी करण्यासाठी डॉक्टर स्नायू शिथिल करणारी औषधे लिहून देतात. बॅक्लोफेन हे त्यांतील प्रमुख औषध. ते अनेकदा वर्षानुवर्षे घ्यावे लागते. मग खर्च झेपेनासा झाला की दिवसाच्या तीन गोळ्यांच्या दोन होतात, किंवा पगार होईपर्यंत औषधच थांबते.

नेमकी हीच काटकसर सर्वांत धोक्याची ठरते. बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास ताठरपणा पूर्वीपेक्षा तीव्र होऊन परततो. भास होणे, तीव्र ताप, फिट येणे असे गंभीर परिणामही होऊ शकतात. त्यामुळे मात्रा कमी करायची असली तरी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच करावी लागते. खर्च कमी करायचा तो गोळ्यांच्या संख्येत नव्हे, तर गोळीच्या किमतीत. त्यासाठीचे मार्ग उपलब्ध आहेत. मात्र त्यांची माहिती अनेकांपर्यंत पोहोचत नाही.

सुरुवात चिठ्ठीपासून

एकाच औषधाची गोळी वेगवेगळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. डॉक्टरांनी विशिष्ट कंपनीचे नाव लिहिले असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत दुकानदाराला स्वतःच्या मर्जीने दुसऱ्या कंपनीची गोळी देता येत नाही. औषध नियम, १९४५ नुसार तशी मनाई आहे. म्हणून ‘हे औषध मूळ नावाने लिहून द्याल का?’ हा प्रश्न दवाखान्यातच विचारलेला बरा. डॉक्टरांनी औषधे मूळ, म्हणजे जेनेरिक नावाने व सुवाच्य अक्षरांत लिहावीत, असे व्यावसायिक आचारसंहिताही सांगते. हे बंधन अधिक कडक करणारे नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये आणले होते. तथापि, त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आली. त्यामुळे पुढाकार रुग्णानेच घेणे इष्ट.

याच भेटीत आणखी एक प्रश्न विचारावा : ‘औषध अजून किती दिवस घ्यायचे?’ पाठ किंवा मान धरली म्हणून दिलेली स्नायू शिथिल करणारी गोळी साधारणपणे थोड्याच दिवसांसाठी असते. जुन्या चिठ्ठीवर ती महिनोन्महिने घेत राहणे म्हणजे पैशाचा अपव्यय आणि विनाकारण गुंगी. पक्षाघातानंतरचा किंवा मज्जारज्जूच्या इजेमुळे आलेला ताठरपणा मात्र निराळा. तेथे औषध दीर्घकाळ लागू शकते.

जनऔषधी केंद्रांचा आधार

केंद्र सरकारची जनऔषधी योजना २००८ मध्ये सुरू झाली. या केंद्रांत कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने औषधे मिळतात. बाजारातील आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक दर ठेवायचा नाही, असे योजनेचे सूत्र आहे. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाइल अ‍ॅपवर जवळचे केंद्र, औषध आणि त्याची किंमत शोधता येते. आपल्याला लागणारी मात्रा, म्हणजे ५, १० की २० मिलिग्रॅम, यादीत आहे का हे आधी पाहावे. साठा संपण्याचा अनुभवही येतो. त्यामुळे शेवटची पट्टी उघडली की लगेच चौकशी केलेली बरी.

फरक किती पडतो? समजा, एक गोळी दहा रुपयांना पडते आणि दिवसाला तीन लागतात. महिन्याचा खर्च ९०० रुपये, वर्षाचा १० हजार ८००. तीच गोळी निम्म्या दरात मिळाली, तर वर्षाला ५ हजार ४०० रुपये वाचतात. बेताच्या पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम फिजिओथेरपीच्या कामी येऊ शकते.

सवलतीचा भूलभुलैया

शहरांतील दुकाने आणि घरपोच औषधे देणाऱ्या कंपन्या एमआरपीवर सवलत देतात. परंतु महागड्या ब्रँडवरील २० टक्के सवलतीपेक्षा स्वस्त ब्रँडची पूर्ण किंमतही कमी असू शकते. म्हणून सवलतीचा टक्का न पाहता एका गोळीचा दर काढून तुलना करावी.

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत नियंत्रण प्राधिकरण ठरवते. यादीबाहेरील औषधांची एमआरपी कंपनीला बारा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या सेवेवर किमती पडताळता येतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. छापील किमतीहून अधिक पैसे मागितल्यास पक्के बिल घेऊन तक्रार करावी.

योजना कोणत्या, कोणासाठी?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतर १५ दिवसांच्या औषधांची तरतूद आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. तेथे औषध उपलब्ध असल्यास ते विनामूल्य मिळते. राज्य कामगार विमा योजनेतील कामगार व त्यांच्या कुटुंबीयांना विमा दवाखान्यातून औषधे मिळतात. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिचे संरक्षण एक लाख रुपयांपर्यंतचे असून, ठरलेल्या मर्यादेत बाह्यरुग्ण उपचार व औषधांचा खर्चही त्यात धरला जातो. मुलाला अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले असूनही या योजनेत नाव नोंदवले नसेल, तर पालकांनी ते काम लांबणीवर टाकू नये.

हे मात्र टाळाच

शेजाऱ्याला लागू पडली म्हणून त्याची गोळी घेणे, किंवा स्वस्त मिळते म्हणून एका औषधाच्या जागी दुसरेच औषध घेणे घातक ठरू शकते. टिझानिडीन आणि बॅक्लोफेन दोन्ही स्नायू शिथिल करतात. तरी ती एकमेकांची पर्यायी नावे नव्हेत. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकासोबत टिझानिडीन घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना बॅक्लोफेनची मात्रा जपूनच दिली जाते. कंपनी बदलली, तरी पट्टीवरील मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा चिठ्ठीशी जुळवून पाहावा.

आणि एखाद्या महिन्यात पैशांची जुळवाजुळव होणार नसेल, तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. स्वस्त पर्याय सुचवणे त्यांना शक्य असते. अचानक थांबलेल्या औषधाचे परिणाम निस्तरणे मात्र सर्वांनाच महागात पडते.