भाकरी चावत नाही तेव्हा : तव्यावरचा इंग्लिश मफिन

गेल्या वर्षी धुळ्याकडचे एक निवृत्त शिक्षक सुनेसोबत दवाखान्यात आले. वय 78. तीन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरले होते. रक्ताच्या तपासण्या, छातीचा फोटो, सोनोग्राफी, सगळे पाहून झाले. काही सापडले नाही. शेवटी मी सूनबाईंना साधा प्रश्न विचारला, ‘‘आबा जेवतात काय?’’ त्या संकोचून म्हणाल्या, ‘‘चहा-टोस्ट, नाहीतर चहा-खारी. दोन्ही वेळा.’’ कवळी सैल झाली होती. कळण्याची भाकरी चावत नव्हती, आणि आयुष्यभर भरीत-भाकरीवर वाढलेल्या माणसाला तसे घरात सांगण्याची लाज वाटत होती.

वाचकहो, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे ताट एकदा निरखून पाहा. भाकरी ताटात तशीच उरते आहे का? टोस्ट-खारीत मैदा, मीठ आणि तूप-डालडा पुष्कळ, प्रथिने नावापुरती. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. आबांना मी प्रथम दंतवैद्याकडे पाठवले, दुसरे म्हणजे दोन्ही वेळा घट्ट वरण सांगितले. आणि कवळी नीट होईपर्यंत भाकरीच्या जागी एक मऊ पदार्थ सुचवला. त्याचे नाव इंग्लिश मफिन.

बेकरीत कागदी वाटीत मिळणारा गोड मफिन म्हणजे केकच. तो हा नव्हे. हा यीस्टने फुगवलेला, बिनगोड, जाडसर पाव, आणि तो भट्टीत नव्हे तर तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांतून फेरीवाले घंटा वाजवीत तो विकत. ज्या प्रदेशात खापरावर मांडे भाजतात, तिथे तव्यावरच्या पावाचे नवल वाटू नये.

म्हाताऱ्या माणसासाठी कणीक जितकी सैल, तितका पाव मऊ. पण सैल कणीक तव्यावर पसरते. म्हणून तिला कड्याचा आधार द्यावा लागतो. कडी विकत आणण्याची गरज नाही. जाड अॅल्युमिनियम फॉइलची 32 सेंटिमीटर लांब पट्टी घ्या, घड्या घालून ती अडीच सेंटिमीटर रुंद करा, आणि टोके एकमेकांत अडकवून सुमारे नऊ सेंटिमीटर व्यासाचे कडे करा. स्टेपलरची पिन मारू नका. ती सुटून घासात गेली तर काय होईल, हे मी सांगायला नको. टिकाऊ कडी हवी असल्यास भांडी दुरुस्त करणाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलची पट्टी वळवून घ्या आणि कडा घासून गुळगुळीत करून घ्या. रंगवलेल्या डब्यांचे वा जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे तुकडे मात्र अन्नाशी तापवू नयेत.

आठ मफिनसाठी चाळलेली कणीक 200 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, कोरडे यीस्ट एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, साखर एक छोटा चमचा, तेल एक मोठा चमचा, आणि दूध व पाणी मिळून सुमारे 220 मिलिलिटर. दूध बोटाला जेमतेम कोमट लागावे; कडकडीत दुधात यीस्ट मरते. पुष्कळांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो, माझाही फसला होता. ज्वारीचे पीठ घालण्याचा मोह होईल. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसल्याने फुगवटा धरला जात नाही. म्हणून कणकेतील पन्नास-साठ ग्रॅमच बदला.

सांधे दुखणाऱ्यांनी मळण्याचा हट्ट धरू नये. चमच्याने कालवून झाकून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ओल्या हाताने तीन-चार वेळा दुमडा. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत पीठ पाऊण तासात दुप्पट होते, थंडीत दीड-दोन तास लागतात. तव्यावर थोडा रवा भुरभुरून तेल लावलेली कडी मांडा, प्रत्येकात निम्म्याहून किंचित अधिक पीठ घाला आणि वीस मिनिटे थांबा. मग अगदी मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटे, उलटून पुन्हा तितकाच वेळ. घाई केली तर बाहेरून करपतो, आत चिकट राहतो. कडेला दाबल्यावर तो परत वर आला, की झाला. मधुमेहाने बोटे बधिर झालेल्यांनी कड्याला हात लावू नये, चिमटाच वापरावा. अशा बोटांना चटका कळत नाही; फोड उठल्यावर समजते.

एका मफिनमध्ये साधारण दीड फुलक्याएवढे पीठ असते. म्हणून मधुमेहींनी तो फुलक्यांच्या जागी मोजावा, फुलक्यांवर भर म्हणून नव्हे. मीठ प्रत्येकात अर्ध्या ग्रॅमहूनही कमी पडते. दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाव कोरडा असला की लाळेने त्याचा चिकट गोळा होतो आणि घशात अडकतो. म्हणून मफिन आडवा फोडून वरणात, दुधात वा सालीशिवायच्या मऊ भरितात भिजवूनच द्या. माणूस ताठ बसलेला असावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवा होऊ नये. पक्षाघात वा कंपवात झालेल्यांना, जेवताना ठसका लागणाऱ्यांना, जेवणानंतर आवाज ओलसर होणाऱ्यांना किंवा वारंवार छातीत कफ-ताप होणाऱ्यांना भिजवलेला मफिनही देऊ नका. आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. गव्हाची अॅलर्जी वा सिलिअॅक विकार असलेल्यांना तो वर्ज्यच.

उरलेले मफिन फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. खाताना वाफेवर गरम करा. टोस्टरमध्ये घातले की पुन्हा टोस्टच होतो. पावसाळ्यात एखाद्यावर बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढा भाग खरवडून खाण्याची आपली जुनी काटकसर इथे चालत नाही. तो पूर्ण टाकावा.

आबांची नवी कवळी दोन महिन्यांनी बसली. पुढच्या भेटीत वजन अडीच किलोंनी वाढले होते. त्याचे श्रेय मुख्यतः वरणाला आणि दंतवैद्याला. मफिनबद्दल विचारले, तर म्हणाले, ‘‘आता आमच्या घरात तो नातवाला लागतो. मला कळण्याची भाकरी पुरे.’’