बांधीतला युरिया आणि चारशे किलोमीटरवरचा समुद्र

सिंदेवाहीला समुद्र कुठून आला, असं विचाराल तर प्रश्न बरोबर आहे. गोंदिया-बल्लारशा लाइनवरचं आपलं गाव, आजूबाजूला जंगल आणि धानाच्या बांध्या. सगळ्यात जवळचा किनारासुद्धा चारशे किलोमीटरपेक्षा लांब. पण मोबाइलवर नकाशा उघडा आणि पाण्याच्या मागे बोट फिरवा. इथलं पाणी शेवटी वैनगंगेत जातं. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते.

आता युरियाची गोणी घ्या. वजन 45 किलो, त्यात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे साडेवीस किलोच्या आसपास. रोवणी झाल्यावर तो बांधीत फेकला की धान हिरवंगार होतं आणि आपण खूश. मात्र अशा फेकलेल्या युरियातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन बहुतेक वेळा धानाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन उडतो. मोठा पाऊस आला आणि पाणी धुऱ्यावरून वाहिलं की काही नाल्याला लागतो. उरलेल्याचं काय होतं, ते चिखलात बघायला मिळतं.

बांधीत उतरला असाल तर माहीत असेल, वरचा चिखलाचा पातळ थर तांबूस असतो आणि पाय आत गेला की काळा, कुबट वासाचा चिखल लागतो. वरच्या थरात ऑक्सिजन असतो. तिथले जिवाणू युरियातून आलेल्या अमोनियमचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट खाली काळ्या चिखलात झिरपतं. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. ज्या हवेत आधीच 78 टक्के नायट्रोजन आहे, तिलाच आपण विकत आणलेलं खत परत करतो!

समुद्रातही नेमकं हेच चालतं. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळे खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येतात, शेवाळवर्गीय सूक्ष्म वनस्पती भरमसाट वाढतात, मरून खाली बसतात आणि त्या कुजताना ऑक्सिजन संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात बिनऑक्सिजनचं पाणी पृष्ठभागाच्या बरंच जवळ आलेलं असतं. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. या पाण्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो, असं त्यांना आढळलं. उष्णता धरून ठेवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट आहे. तो आपल्या बांधीतूनही थोडाफार निघतोच.

आपलं पाणी जातं त्या बंगालच्या उपसागराची तऱ्हा वेगळी. तिथे नद्यांचं गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं बसतं. वाऱ्याला ते सहज ढवळता येत नाही, त्यामुळे खालची पोषकद्रव्यं खालीच राहतात. खोलवर ऑक्सिजन अगदी कमी आहे, पण पूर्ण संपलेला नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नायट्रेटवर जगू शकणारे जिवाणू तिथे हजर आहेत. त्यांना मोठ्या प्रमाणावर कामाला लागण्यापासून अडवतोय तो उरलेला किंचित ऑक्सिजन. त्याच पाण्यात आपण वरून नायट्रोजन पाठवतोय.

पेरूच्या किनाऱ्यावर थंड पाणी वर्षभर वर येत राहतं, म्हणून तिथे माशांची चंगळ. याउलट अमेरिकेत आयोवा, इलिनॉयच्या मक्याच्या शेतांतलं नायट्रेट मिसिसिपी नदी मेक्सिकोच्या आखातात नेते. 2017 च्या उन्हाळ्यात तिथला कमी ऑक्सिजनचा पट्टा जवळपास 22,700 चौरस किलोमीटर झाला होता. आपला अख्खा चंद्रपूर जिल्हा त्याच्या निम्मा. आयोवाच्या शेतकऱ्याला तरी समुद्र कुठे दिसतो?

यावर उपाय आहे, आणि तो त्याच काळ्या चिखलात आहे. खत पाण्यावर न फेकता त्याची गोळी, म्हणजे ब्रिकेट, चार चुडांच्या मधे 7 ते 10 सेंटीमीटर खोल दाबायची. तिथे ऑक्सिजन नसल्याने अमोनियमचं नायट्रेट होत नाही. नायट्रेट नाही म्हणजे त्या जिवाणूंनाही काम नाही. खत मुळाजवळ थांबतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीतलं हे एक सूत्र. 2015 पासून देशात युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात, तोही अमोनियमचं नायट्रेट लवकर होऊ नये म्हणूनच.

मग सगळे गोळ्या का वापरत नाहीत? धानपट्ट्यातल्या कुणालाही विचारा. गोळी हाताने दाबायची, चुडांचं अंतर सांभाळून रोवायचं, आणि रोवणीच्या दिवसांत मजूर मिळवताना घरोघरी फिरावं लागतं. युरियाची गोणी मात्र सबसिडीत साधारण 266 रुपयांना मिळते. मजुरीच्या हिशेबात दोन मुठी जास्त फेकणंच परवडतं.