बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे साऱ्या देशाला दाखवून दिले. हक्काचे ते पाणी शुद्ध आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे. पेट्रोल पंप, तेलाचा डेपो यांच्या आसपास कष्टकऱ्यांच्या वस्त्या असतात. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली लोकांच्या बोअरमधून पाण्याबरोबर तेल येऊ लागले. जमिनीखालची तेलवाहिनी गळत होती. पंपाखालच्या लोखंडी टाक्या गंजल्या तरी हेच घडते. तेल मातीतून झिरपत भूजलापर्यंत जाते. पेट्रोल हलके, ते पाण्यावर तरंगते. पण त्यातील बेंझीन विरघळून पाण्याबरोबर दूर जाते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा लाखावा भाग, एवढीच ठेवली आहे.

मग खरे-खोटे ठरवायचे कसे? त्यासाठी निरीक्षण विहिरी घेतात. ही लहान बोअरच असते. खोदताना निरनिराळ्या खोलीची माती तपासणीला काढतात. आत बारीक चिरा पाडलेला पाईप बसवतात. या चिरा पाणीपातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे हव्यात, नाहीतर तरंगणारे तेल पाईपात येतच नाही. निदान तीन विहिरी त्रिकोणात लागतात. तिन्हींच्या पातळीवरून भूजल कोणीकडे वाहते ते समजते. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाणी वाहते, म्हणून कधी जास्त विहिरी लागतात. नमुना उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतरही घ्यावा. आधी साचलेले पाणी उपसावे, मग बाटली काठोकाठ भरून बर्फात ठेवावी. हवा राहिली तर बेंझीन उडून जाते.

माता-भगिनींनो, पाण्याला वास आला तर ते पिणे व स्वयंपाकाला वापरणे ताबडतोब बंद करा. उकळू नका, विष वाफेतून श्वासात जाते, भडकाही उडू शकतो. काडी ओढून तर मुळीच पाहू नका. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत बेंझीन पाहत नाहीत, म्हणून अर्जात त्याचे नाव लिहून मागणी करा. विहारात बैठक घ्या, सह्यांचा अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्या, पोच घ्या. अहवाल दडवला तर २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवा पंप शाळा, इस्पितळ आणि स्थानिक कायद्याने ठरवलेल्या निवासी भागापासून ५० मीटर दूर हवा; अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नाहीच.

तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. पंपवाला म्हणेल, काही झाले नाही. शेजारी म्हणेल, सगळे विषच आहे. आपण दोघांचेही ऐकून घ्यावे आणि नमुना तपासायला पाठवावा.